कासवाची मूठ

१२ जानेवारी, सोमवार

ही डायरी खताच्या कंपनीनं फुकट दिली. पहिल्या पानावर नावाला जागा होती, तिथं लिहिलं: मोहियोद्दीन, हळदीचे आडते, मोंढा, वसमत. वयाला जागा न्हाई, ते बरं झालं. संतराम सर म्हणाले, शेठ, तुमी बोलत तर न्हाईच, निदान लिहीत तरी जा, न्हाईतर बीपी तुमाला एक दिवस घेऊन जाईल. सर शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाले, शिकवायला कुणी उरलं न्हाई, म्हणून आता मला शिकवून राहिले. घरात आमी दखनी बोलतो, पण शाळा माझी मराठी, हात मराठीतच चालतो. सकाळी नमाज झाली की दुकान उघडतो. हमाल येईपर्यंत लिहीन.

काल सरांनी एक नवंच खूळ काढलं. त्यांची नातवंडं सुट्टीला आली होती, ती पुण्याला गेली आणि आजोबाला कार्टून सिनेमाची चटक लावून गेली. हातानं काढलेली चित्रं न्हाईत, कॉम्प्युटरवर बनवलेले सिनेमे. माणूस सत्तरीला टेकला आणि एकटा बसून कार्टून पाहतो, वर सांगताना लाजत पण न्हाई. आता म्हणे रविवारी दुपारी जगन मंडपवाल्याच्या गोदामात सगळ्यांनी मिळून पाहायचे. जगनकडं लग्नातला मोठा पडदा आणि प्रोजेक्टर आहे. पाहायचे, त्यावर भांडायचं, आणि उन्हाळ्यात मतं टाकून सगळ्यात चांगला कोणता ते ठरवायचं. एकच नियम, लेकरांना प्रवेश न्हाई.

मी म्हटलं, आमच्या घरात कार्टूनचं नाव काढत न्हाईत. काहून ते मोंढ्याच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. माझा पोरगा मुबश्शीर चार वर्षांपूर्वी चालतं दुकान सोडून हैदराबादला कार्टून बनवायला गेला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. अम्मीला फोन करतो. माझी बायको मदीनाबी मला रोज सांगते, तुमी एकदा ये म्हणा, तो रात्रीची गाडी धरून येईल. त्याचं म्हणणं, अब्बांनी स्वतः बोलवलं तरच येईन. माझं म्हणणं, जो गेला त्यानं यावं. आता यात चुकीचं काय आहे ते मला कुणी सांगावं.

सरांना मी न्हाई म्हणून सांगितलं आहे.

१९ जानेवारी, सोमवार

गेलो. सरांनी घरी येऊन बसायचं आणि मदीनाबीनं त्यांना चहावर चहा द्यायचा, त्यापेक्षा जाऊन आलेलं बरं.

गोदामात गाद्यांचा वास. मंडपाच्या लाल खुर्च्या मांडलेल्या. रुमालानं दोनदा झटकल्याशिवाय मी कुठंच बसत न्हाई, तसा बसलो. अनुसयाबाई पण होत्या. तांड्यावरच्या, जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, अर्ध्या वसमतनं त्यांच्या हातची सुई घेतली आहे. बोलायला फटकळ.

सिनेमा एका अस्वलाचा होता. डोंगरातल्या स्टेशनवर हमाली करतं, सतत पाऊस, गाडी येते आणि कुणी उतरत न्हाई. संपला तेव्हा जगनचं तोंड उघडंच राहिलेलं. म्हणाला, चाचा, पाणी पाहिलं का, फरशीवरचं पाणी, पाय पडला की कसं हललं. त्याला गोष्टीचं काही न्हाई, पाणीच पाहून राहिला होता.

मी म्हटलं, पाणी पाहायचं तर सिद्धेश्वरच्या धरणावर जा, फुकट आहे. खोट्या अस्वलासाठी खऱ्या डोळ्यातलं पाणी काहून काढायचं? हे लेकरांचं काम आहे.

सर म्हणाले, उलटं आहे शेठ. साध्या सिनेमात झाड हललं तर वारा आला म्हणून हलतं. तो वारा फुकटचा. इथं फुकट काहीच न्हाई. ते पान हललं, कारण कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं की हे पान हलावं. लेकराला त्याचं काय? ज्याचं आयुष्य काम करण्यात गेलं त्यालाच ते कळतं.

अनुसयाबाई म्हणाल्या, मला एवढं समजत न्हाई. नट रडला की मला नट दिसतो, त्याचा बंगला दिसतो. अस्वल रडलं तर मागं कुणीच न्हाई. मग मी आपलं रडून घेते.

सिनेमाच्या शेवटी नावं येतात, बारीक, मुंग्या चालल्यासारखी, आणि वाचून व्हायच्या आत वर पळतात. जगन लाईट लावायला उठला, मी त्याला खाली बसवलं. कुणी काम केलं असेल तर त्याचं नाव वाचावं, एवढंच माझं म्हणणं आहे. शेवटपर्यंत वाचली. हैदराबादची पण बरीच नावं होती.

९ फेब्रुवारी, सोमवार

अंजुम आली होती. माझी थोरली, हिंगोलीला शाळेत शिकवते. आली की आधी स्वयंपाकघरात आईशी कुजबुज, मग माझ्यापुढं चहा. चहा आला की मी समजतो, काहीतरी गळ्यात मारायचं आहे.

मी बिस्कीट कानाशी नेऊन मोडलं. ही माझी मोंढ्यातली सवय. वाळलेलं हळकुंड कानाशी मोडलं की टणक आवाज देतं, ओलं असेल तर मुकाट मोडतं. आता बिस्कीट मोडताना पण हात कानाकडंच जातो. मदीनाबी म्हणते, बिस्किटाचा भाव लावता का.

अंजुम हसली न्हाई. म्हणाली, अब्बा, मुबश्शीरची कंपनी दिवाळीच्या आधीच बंद पडली. त्यानं तुमच्यापासून लपवायला सांगितलं होतं. इतके महिने किरकोळ कामं करून राहिला. आता कॅनडात नोकरी लागली आहे, एप्रिलमध्ये जाणार. जायच्या आधी घरी यायचं त्याच्या फार मनात आहे. फक्त तुमचा एक फोन.

मी म्हटलं, मी सांगितलं होतं, या धंद्यात काही न्हाई. हळद कधी बंद पडल्याचं ऐकलं का?

अंजुम म्हणाली, दीड वर्ष खपून त्यानं एका सिनेमातलं एक कासव केलं आहे. लोकांना फार आवडलं. दीड वर्षात एक कासव! एवढ्यात खरं कासव अंड्यातून निघून मोठं झालं असतं. हे मी बोललो, तर मदीनाबी उठून आत गेली. मी काही खोटं बोललो न्हाई. कॅनडा नकाशात पाहिलं. सगळं पांढरं आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल वाळवंटातल्या बसचा सिनेमा. बस स्वतःच बोलते. मला न्हाई आवडला, पण कंटाळा पण आला न्हाई. सर आणि अनुसयाबाई खूप भांडले. सर म्हणत होते, मोठ्या माणसाला कार्टून आवडतं कारण त्यात मेलेलं परत येतं. बाई म्हणाल्या, खोटं. ज्यात कुणीच परत येत न्हाई तेच मला आवडतं, कारण दवाखान्यात मी तेच पाहिलं. मी नावं वाचली. चष्मा बदलायला पाहिजे.

एक लिहायचं तर लिहितो. मी तिथं टाइमपासला जातो. मदीनाबीचा समज आहे की मी कासव शोधायला जातो. बायकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

परवापासून रोजे सुरू होतील असं दिसतं. महिनाभर सिनेमा बंद.

२२ मार्च, रविवार

काल ईद झाली. पाहुणे, शीरखुर्मा, सगळं बराबर. दुपारी मुबश्शीरचा फोन आला. मदीनाबी बोलली, अंजुम बोलली, तिची लेकरं बोलली. फोन फिरत फिरत माझ्या दिशेनं येऊन राहिला, तेवढ्यात टाकीचं पाणी वाहण्याचा आवाज आला म्हणून मी गच्चीवर गेलो. टाकी भरली नव्हती. थोडा वेळ तिथंच थांबलो. खाली आलो तर फोन ठेवलेला.

एवढी घाई काय होती, मी खाली येतच होतो.

६ एप्रिल, सोमवार

हमाल बाहेर उभे आहेत, पण आधी हे लिहितो.

काल मदीनाबी म्हणाली, मी पण येते सिनेमाला. मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं. ती म्हणाली, तुमाला तरी काय कळतं. अंजुम पण हिंगोलीहून आली, म्हणे सहजच. सर दर वेळी नाव सांगून सुरू करतात, काल नुसतंच सुरू केलं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

नदीकाठी बाजार, त्यात एका म्हाताऱ्या कासवाचं तराजूचं दुकान. त्यानं एक अनाथ मुंगूस पाळून मोठं केलेलं. कासव महातिरसट. बाकावर बसायचं तर आधी फडक्यानं दोनदा झटकतं. कुणी खायला दिलं तर कानाशी नेऊन मोडतं, आवाज ऐकतं, मग तोंडात टाकतं. सगळं गोदाम हसायला लागलं. जगन तर वळून माझ्याकडंच पाहून हसला. मला वाटलं माझा मोबाईल चालू राहिला की काय, मी खिसा चाचपला. अनुसयाबाईंनी तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, एवढं हसायला काय झालं, असा विक्षिप्त माणूस कुठं असतो का? तर सर पण हसले. मदीनाबी तेवढी हसत नव्हती.

मग ते मुंगूस जायला निघतं. काठाला होडी लागलेली आहे. कासव त्याच्याकडं पाहतच न्हाई. वजनं ओळीनं लावतं, मोडतं, परत लावतं. मुंगूस दारात उभं. गोदामात आता कुणी हसत नव्हतं. कासव उठतं, फडकं हातावर टाकतं, फडक्याखाली मुंगसाचा पंजा धरतं आणि अख्खी मूठ आवळून दाबतं. सोडत न्हाई. मुंगूस त्याच्या तोंडाकडं पाहतं. कासव भिंतीकडं. मग मुंगूस जातं.

मी खुर्चीवर होतो का उभा राहिलो होतो, आठवत न्हाई.

हे कुणाला कळणार न्हाई म्हणून लिहून ठेवतो. आमच्या तरुणपणी मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हात घालायचा, बोटं धरली की तो आकडा. आणि अख्खी मूठ दाबली तर त्याचा अर्थ, सौदा रोखून धर. माल सोडू नको. थांब. आता बोली उघड्यावर होते, ती रीत गेली, मोजक्या म्हाताऱ्यांना माहीत असेल. मुबश्शीरला मी हे शिकायला बसवायचो तेव्हा तो हळदीच्या बोटानं पोत्यांवर उंट काढायचा.

ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर मी रुमाल टाकून त्याची मूठ दाबली होती. अख्खी. तोंडानं थांब म्हणणं मला कधी जमलं न्हाई. माझ्या बापानं मला कधी म्हटलं न्हाई, मी कुणाला म्हटलं न्हाई. पण आडत्यानं मूठ दाबली म्हणजे सगळं बोलून झालं. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि बॅग उचलली. चार वर्षं मी मनाची समजूत घातली की त्याला कळलंच नसेल. शिकला कुठं होता? अडाण्याला खूण कळत न्हाई, त्यात त्याचा काय दोष. राग यायचा तेव्हा याच गोष्टीवर मी तो गिळायचो.

आता पडद्यावर पाहिलं. रुमालासकट, मुठीसकट. त्याला सगळं माहीत होतं. मी थांब म्हणून राहिलो आणि तो समजून-उमजून गेला.

नावं आली तेव्हा अंजुम बोट दाखवून म्हणाली, अब्बा, ते पाहा. मी पाहिलं न्हाई. चष्मा पुसत होतो.

७ एप्रिल, मंगळवार

नवी हळद आली. एका शेतकऱ्यानं हळकुंड हातात दिलं, मी कानाशी मोडलं आणि मला आवाज कळलाच न्हाई. परत मोडलं. तो म्हणाला, शेठ, वाळलेलं न्हाई का? मी म्हटलं, वाळलेलं आहे, माझाच कान ओला आहे. लोक हसले. घरी मदीनाबीशी बोललो न्हाई. तिला, अंजुमला, सरांना, सगळ्यांना माहीत होतं त्या सिनेमात काय आहे. माणसाला त्याचं सोंग दाखवायला नेलं आणि तो पण आपल्याच पायानं गेला.

१३ एप्रिल, सोमवार

काल मतांचा दिवस. जाणार नव्हतो, पण गेलो न्हाई तर लोक म्हणतील शेठला झोंबलं.

मदीनाबी बाहेर अंजुमशी फोनवर बोलत होती, तेवढ्यात आत कासवावर वाद पेटला. कुणी माझं नाव घेतलं न्हाई, सगळे कासवाचंच बोलत होते, तेवढी अदब त्यांनी ठेवली.

सर म्हणाले, चूक कासवाची. एक शब्द बोलायला काय जात होतं?

मी म्हटलं, बोललं की ते! मूठ दाबली ती काय होती? त्या मुठीचा अर्थ थांब असा आहे. आणखी काय ढोल वाजवून सांगायचं?

सर खुर्ची ओढून माझ्याकडं वळले. म्हणाले, शेठ, हा अर्थ इथं तुमच्याशिवाय एकाला तरी माहीत होता का? मग त्याला सांगितलं कसं म्हणायचं?

मी म्हटलं, तुमाला माहीत असायचं कारण न्हाई. मुंगसाला माहीत होतं. दुकानात वाढलं ते. माहीत असून गेलं. बेइमान जात.

अनुसयाबाई म्हणाल्या, भाई, ते लगेच गेलं का? उभं राहिलं होतं. तोंडाकडं पाहून राहिलं होतं. लेकराला हातातलं कळलं तरी तोंडानं ऐकायचं असतं. कासवानं भिंतीकडं काहून पाहिलं ते सांगा.

मी म्हटलं, कासवाला मान वळवायला वेळ लागतो. कुणी हसलं न्हाई.

मदीनाबी आत आली, मग चिठ्ठ्या नकोत, हात वर करा असं ठरलं. जगनचं मत अस्वलाला, पाण्यासाठी. सरांचं पण अस्वलाला. म्हणाले, कासवाचा सिनेमा मध्ये सैल आहे, मैत्री एकीकडं, मताचा हिशोब एकीकडं. अनुसयाबाई आणि मदीनाबी कासवाला. मदीनाबी मंडळात न्हाई असं जगन म्हणाला, तर बाईंनी त्याला गप केलं. राहिलो मी. सगळे माझ्याकडं पाहत होते. मदीनाबी तर दुवा मागताना पाहावं तशी पाहत होती.

मी अस्वलाला हात वर केला. कासव हरलं.

ऑटोतून उतरताना मदीनाबी एवढंच म्हणाली, एक हात वर करायचा होता, तो पण तुमी दुसऱ्यासाठी केला.

२० एप्रिल, सोमवार

अंजुमचा फोन. शनिवारचं विमान आहे. अब्बा, अजून वेळ आहे, तुमी आज बोललात तर तो येऊन जाईल. मी म्हटलं, ज्याला कळत न्हाई त्याला सांगावं. ज्याला कळून पण जायचं होतं त्याला मी काय सांगू?

दुपारी अनुसयाबाई दुकानावर हळद घ्यायला आल्या. घरची हळद असताना काहून आल्या ते मला समजतं. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, भाई, सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई म्हणतात. तुमचा सुंभ पण शाबूत आहे, मग कशाला एवढा पीळ? वॉर्डात मी पुष्कळ म्हातारे जाताना पाहिले. जवळ बसलेल्याचं नाव कुणी घेत न्हाई. ज्याच्याशी अबोला, त्याचंच नाव घेत जातात. नुसती तकलीफ, ऐकणाऱ्याला पण.

मी म्हटलं, बाई, हळद किती देऊ?

त्या गेल्यावर दुकानात बसवेना. ऊन एवढं की रस्त्यावर कुत्रं न्हाई. मला तो पाहिजे आहे. हे कुणाला सांगता येत न्हाई म्हणून इथं लिहितो. तो जेवताना बोलायचा ते पाहिजे, त्याचा तो फालतू उंट पाहिजे. पण तो समजून-उमजून निघून गेला, ही गोष्ट आडवी येते. तिच्यावरून मला पाय टाकता येईना.

२४ एप्रिल, शुक्रवार

काल दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर फोन केला. घरातूनच केला, मदीनाबीसमोर. नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहेच, मी कधी पुसला नव्हता.

एका रिंगमध्ये उचलला. अब्बा? म्हणाला, आणि लगेच, अम्मी बरी आहे ना? माझा फोन म्हणजे घरात मयत झाली असं त्याला वाटलं. आवाज घाबरलेला. मी म्हटलं, सगळे बरे आहेत. मग मी म्हटलं, तुझा सिनेमा पाहिला. नदीचं पाणी चांगलं आहे. जगनचं बोलणं माझ्या तोंडात काहून आलं देव जाणे.

तो म्हणाला, पाणी दुसऱ्यांनी केलं अब्बा. माझं फक्त कासव.

मी म्हटलं, व्हय, माहीत आहे. मग एकदम बोलून टाकलं. म्हटलं, ये. जायच्या आधी घरी ये. अम्मीला भेट. मी पण आहे घरी.

मदीनाबी खाली बसली, भिंतीला टेकून.

तो म्हणाला, अब्बा, मी दिल्लीत आलो आहे. पहाटेचं विमान आहे शनिवारी. हैदराबादला परवापर्यंत थांबलो होतो. दोनदा तिकीट पुढं ढकललं. आता त्यांनी शेवटची तारीख दिली आहे, आता न्हाई होत.

परवापर्यंत थांबला होता. मी परवापर्यंत काय करत होतो? अस्वलाला हात वर करून घरी बसलो होतो.

मला राहवलं न्हाई. म्हटलं, तुला तर तेव्हा पण माहीत होतं. मग गेलास काहून?

काय माहीत होतं?

मूठ दाबली ते. कासवाला दिलीस ना तीच मूठ.

तो म्हणाला, ती होय. अब्बा, आमचं काम कसं असतं, जे कासवाकडून करवून घ्यायचं ते आधी आपण स्वतः करून पाहायचं, मोबाईलवर शूटिंग करायचं, मग तसंच्या तसं कासवाला लावायचं. बसणं, झटकणं, बिस्कीट मोडणं, ते सगळं मी खोलीत एकटा करून पाहिलं. तुमी रागावू नका, मला म्हातारा माणूस म्हटलं की तुमीच माहीत. त्या निरोपाच्या जागी कासवाच्या हाताला काही काम नव्हतं. मला दुसरं काही सुचेना. तुमी पायरीवर केलं होतं तेच मी केलं. आमच्या साहेबांनी विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, मला न्हाई माहीत, माझ्या अब्बांनी केलं होतं. त्यांनी ठेवून घेतलं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

तो म्हणाला, तेव्हा मी तुमच्याकडं पाहिलं, तुमी दुसरीकडं पाहत होता. मला समजेना, तुमी रागानं दाबून राहिला का काय. हात दुखला होता. मी अजून विचार करतो. काय असतो त्याचा अर्थ, अब्बा?

म्हणजे त्याला माहीतच नव्हतं. तेव्हा पण नव्हतं, आणि या सगळ्या दिवसांत मी ज्या गोष्टीवर रागावून बसलो ती घडलीच नव्हती. त्यानं मला पोत्यातल्या दाण्यादाण्यासकट पाठ केलं होतं, फक्त अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. सांगणारा मीच होतो.

शब्द अगदी ओठावर आला होता. थांब असा अर्थ असतो, पोरा. जाऊ नको असा असतो. एवढी वर्षं हाच शब्द बोलायची मला भूक होती आणि तो स्वतःच्या तोंडानं विचारून राहिला होता. पण तो दिल्लीत होता, बॅग भरलेली, कित्येक महिन्यांनी नोकरी मिळालेली. हे ऐकून तो विमानात बसला असता, तर जन्मभर मनात ठेवून राहिला असता की बापानं थांब म्हटलं आणि आपण गेलो. आणि बसला नसता तर आणखी वाईट. आता त्याला थांबवायचा माझा हक्क न्हाई. हक्क होता तेव्हा मी भिंतीकडं पाहिलं.

मी म्हटलं, काही न्हाई रे. जुन्या आडत्यांची रीत आहे. पोरगं परगावी निघालं की मूठ दाबतात. जा, बरकत होवो, असा अर्थ.

तो म्हणाला, खरंच? मला वाटायचं तुमी मला जाऊ नको म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण हे चांगलं आहे अब्बा. हे फार चांगलं आहे.

मी म्हटलं, थंडी असते तिकडं, कान झाकत जा. मग मदीनाबीकडं फोन दिला आणि दारात जाऊन उभा राहिलो. ती खूप वेळ बोलली. मला रडू येऊन राहिलं होतं आणि ते मी येऊ दिलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी पाहिलं असेल.

फोन ठेवून ती माझ्याजवळ आली. रडण्याच्या नादात सगळं ऐकलं नव्हतं तिनं, आणि मूठ म्हणजे काय ते तिला पण माहीत न्हाई, बायकांना मोंढ्यात कोण नेतं. म्हणाली, खूश होता हो. म्हणाला, अब्बांनी अर्थ सांगितला. मी विचारलं काय, तर म्हणतो अब्बांनाच विचार. बराबर सांगितला ना तुमी?

बराबर सांगितला, म्हटलं.